हाफकिन : आधी स्वतःला सुई टोचणारा संशोधक



मुंबईच्या परळ भागातील हाफकिन संस्थेचे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकलेले असेल. परंतु हाफकिन हा माणूस कोण होता, हे थोड्यांनाच ठाऊक असते. त्याची हकिकत प्रत्येक घरात वाचली जावी अशी आहे.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म 1860 साली, त्या वेळच्या रशियन साम्राज्यातील ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. रक्तातील पांढऱ्या पेशी रोगजंतूंना गिळून टाकतात, हा शोध लावणारे मेचनिकॉव्ह हे त्यांचे गुरू. हाफकिन हुशार होते, पण धर्म बदलल्याशिवाय त्यांना मायदेशी प्राध्यापकपद मिळणार नव्हते. त्यांनी धर्म सोडला नाही, देश सोडला. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत त्यांना सुरुवातीला ग्रंथालयातील साहाय्यकाची जागा मिळाली. त्यांनी ती कमी लेखली नाही. फावल्या वेळात ते जंतूंचा अभ्यास करीत. तेथेच त्यांनी कॉलऱ्याची लस तयार केली आणि 18 जुलै 1892 रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. पुढच्याच वर्षी ते हिंदुस्थानात आले व कलकत्त्याच्या वस्त्यांतून लोकांना लस देऊ लागले.

1896 मध्ये मुंबईत प्लेग उसळला आणि हाफकिन यांना तिकडे पाठविण्यात आले. ग्रँट मेडिकल कॉलेजातील एक खोली, एक व्हरांडा, एक कारकून व तीन शिपाई, एवढाच त्यांचा संसार. प्लेगचे जंतू वाढविण्यासाठी त्यांनी बकऱ्याच्या मांसाचा रस घेतला व त्यावर तुपाचे थेंब सोडले. गाईचे किंवा डुकराचे मांस वापरले असते तर हिंदू वा मुसलमान कोणीच ती लस घेतली नसती, हे या परदेशी माणसाने ओळखले होते. वाढलेले जंतू उष्णता देऊन मारले की लस तयार होई. मेलेले जंतू रोग उत्पन्न करीत नाहीत, परंतु शरीराला शत्रूची ओळख करून देतात. एकदा पाहिलेला चोर रखवालदार पुन्हा चटकन ओळखतो, तसेच हे आहे.

10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी मोठी मात्रा स्वतःलाच टोचून घेतली. ताप आला, तरी काम थांबविले नाही. त्याच महिन्यात भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. स्वखुशीने पुढे आलेल्या कैद्यांना लस दिली गेली आणि त्यांच्यात लागण पुष्कळच कमी झाली.

तरीही लोक बिचकत होते. सरकारी पथके घरोघरी शिरून सक्तीने झडती घेत, पडद्यातील स्त्रियांचाही मुलाहिजा ठेवीत नसत. त्यामुळे सुईबद्दलही नाना अफवा उठल्या. अशा वेळी विशीतले सर आगाखान पुढे आले. त्यांनी चारचौघांत लस टोचून घेतली, प्रयोगशाळेसाठी आपला बंगला दिला. ते पाहून खोजा समाजातील हजारो लोक पुढे आले. सक्तीने जे साधले नाही ते विश्वासाने साधले. 1899 मध्ये ही प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्न्मेंट हाऊसमध्ये गेली आणि 1925 मध्ये तिला हाफकिन यांचे नाव मिळाले.

पण मित्रहो, विश्वास किती नाजूक असतो तेही पाहा. 1902 साली पंजाबातील मुलकोवाल गावी एकाच बाटलीतून लस दिलेले 19 लोक धनुर्वाताने दगावले. दोष हाफकिन यांच्यावर ठेवून त्यांना कामावरून दूर करण्यात आले. बाटली उघडताना साहाय्यकाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करता वापरला गेला होता, हे पुढे उघड झाले. रोनाल्ड रॉस यांच्यासारखे शास्त्रज्ञ त्यांच्या बाजूने उभे राहिले आणि 1907 मध्ये त्यांच्यावरील कलंक पुसला गेला. ते पुन्हा कलकत्त्यास कामावर आले, परंतु ऐन उमेदीची वर्षे वाया गेली ती गेलीच. 1930 मध्ये स्वित्झर्लंडमधील लोझान येथे त्यांचे निधन झाले. आपली पुंजी त्यांनी आपल्या समाजाच्या धार्मिक शिक्षणसंस्थांसाठी ठेवली.

ही गोष्ट दूरची वाटते काय? आपल्या लातूरचा किल्लारी भूकंप 30 सप्टेंबर 1993 रोजी झाला. पुढच्याच वर्षी शेजारच्या बीड जिल्ह्यातील मामला गावात प्लेगच्या गाठी दिसल्या. ओस घरांतील धान्यावर उंदीर माजले असावेत, असे अनेक अभ्यासकांचे मत पडले. आता प्लेगवर गुणकारी औषधे आहेत. पण गोवर, घटसर्प, धनुर्वात हे शत्रू अजून दाराशी उभे आहेत आणि अफवाही तशाच उभ्या आहेत.

म्हणून पालकांनो, लसीबद्दल शंका आली तर ती गल्लीत नव्हे, दवाखान्यात विचारा. सुई व सिरिंज नवी आहे ना, हेही पाहा. तो आपला हक्क आहे. मग लेकराचा हात निर्धास्त पुढे करा. आणि विद्यार्थ्यांनो, उद्या नांदेड-लातूरच्या एखाद्या मोहल्ल्यात लोक बिचकतील, तेव्हा स्वतःची बाही आधी वर करणारा तुमच्यातलाच कोणी असावा. त्यासाठी आज विज्ञानाचे पुस्तक मन लावून वाचा.