कापसाचे शेठ गोठ्यात

बजाज म्हटलं की आपल्याला स्कूटर आठवते. पण हा उद्योगसमूह ज्यांनी उभा केला, त्या जमनालालजींचे शेवटचे दिवस वर्ध्याजवळ गोपुरीच्या झोपडीत, गाईंच्या सहवासात गेले.

त्यांचा जन्म ४ नोव्हेंबर १८८९ चा, राजस्थानात सीकरजवळच्या खेड्यातला. वर्ध्याच्या बच्छराज शेठजींच्या घरी ते लहानपणीच नातू म्हणून दत्तक आले. शिक्षण बेताचंच. सतराव्या वर्षी आजोबांशी बिनसलं, तर इस्टेटीवरचा हक्क लेखी सोडून पोरगा घराबाहेर! समजूत घालून परत आणावं लागलं. पुढे कापसाचा व्यापार त्यांनी मोठा वाढवला.

सरकारने रायबहादूर केलं, ती पदवी त्यांनी असहकारात सोडली. १९२० च्या नागपूर काँग्रेसचे ते स्वागताध्यक्ष, नंतर खजिनदार. १९२३ च्या झेंडा सत्याग्रहात तुरुंगही झाला. सरकारशी वैर कुठल्या व्यापाऱ्याला परवडतं, सांगा बरं? पण त्याहून अवघड होतं ते जातभाईंशी वैर. जुलै १९२८ मध्ये वर्ध्याचं आपल्या घराण्याचं लक्ष्मीनारायण मंदिर त्यांनी अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुलं केलं. लोक रागावले, ते हटले नाहीत.

ग्रामोद्योगासाठी त्यांनी आपली बाग दिली, तीच मगनवाडी. गांधीजी १९३६ साली शेगावला राहायला गेले, तिथेही जमनालालजींची जमीन होती. त्याच गावाचं पुढे सेवाग्राम झालं.

१९४१ मध्ये तब्येत ढासळल्यावर तुरुंगातून सुटले आणि गांधीजींच्या सल्ल्याने गोसेवा संघाला लागले. संघाचा एक नियम मला फार मोलाचा वाटतो: सभासदाने दूध-तूप गाईचंच खायचं. आता बघा, आपण फॅट मोजून दूध घालतो, मग म्हशीपुढे गाय मागं पडतेच. आर्वीकडची आपली गवळाऊ घ्या. बैल चांगला देते म्हणून टिकली. तिच्या दुधाला भाव देणारं गिऱ्हाईक कुठंय? नुसत्या पूजेने दावण भरत नाही हो. माल खपला तरच जनावर जगतं, हे बाजारात वाढलेल्या माणसाला वेगळं शिकवावं लागलं नसणार.

१ फेब्रुवारी १९४२ ला वर्ध्यात गोसेवा परिषद झाली. ११ तारखेला जमनालालजी अचानक गेले, वयाच्या बावन्नाव्या वर्षी. संघाचं काम मग जानकीदेवींनी अंगावर घेतलं.