दगडावर कोरलेले सत्य : सुलेखनकार छू स्वेइल्यांग

भदंत ह्यूएन त्संग यांचे नाव आपल्यापैकी प्रत्येकाने शाळेच्या इतिहासात वाचलेले आहे. वाळवंट आणि बर्फाचे डोंगर ओलांडून ते चीनमधून भारतात आले, नालंदा येथे शिकले, आणि चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याच्या काळात आपल्या महाराष्ट्रातही येऊन गेले. इ. स. ६४५ मध्ये ६५७ ग्रंथ घेऊन ते मायदेशी परतले. इथपर्यंतची गोष्ट आपल्याला ठाऊक असते. पण त्या ग्रंथांची हकिकत पुढे दगडावर कोणी लिहिली, हे फारसे कोणी सांगत नाही. ती लिहिणारा माणूस भिक्खू नव्हता, तो सम्राटाचा मंत्री होता. त्यांचे नाव छू स्वेइल्यांग. त्यांचे चरित्र आपण थोडक्यात पाहू.

छू स्वेइल्यांग यांचा जन्म इ. स. ५९६ चा. वडील छू ल्यांग मोठे विद्वान आणि दरबारी होते. त्यामुळे घरात लहानपणापासून पुस्तके, शाई आणि कुंचला. त्या काळचे नामांकित सुलेखनकार ओउयांग शुन हे वडिलांचे स्नेही. त्यांनी या मुलाचे गुण लवकर ओळखले.

चीनमध्ये अक्षराला एवढे महत्त्व का, असं कोणी विचारील. तिथे अक्षर कुंचल्याने लिहितात. हात दाबला की रेघ जाड होते, उचलला की बारीक. एकदा ओढलेली रेघ पुन्हा दुरुस्त करता येत नाही. म्हणून अक्षरावरून माणसाचा स्वभाव कळतो, अशी तिकडच्या लोकांची समजूत. थांग राजवटीत अधिकारी निवडताना ज्या चार गोष्टी पाहत, त्यांत अक्षर ही एक होती.

सम्राट ताई-त्सुंग यांना सुंदर अक्षराचे भारी वेड. तीनशे वर्षांपूर्वी होऊन गेलेल्या वांग शी-ची या थोर सुलेखनकाराचे कागद त्यांनी पैसे मोजून देशभरातून गोळा केले. आता पैसे मिळतात म्हटल्यावर नकली कागदही येऊ लागले! इ. स. ६३८ मध्ये सम्राटांचे अक्षरगुरू यू शी-नान वारले आणि अक्षराविषयी बोलायला कोणी उरले नाही. तेव्हा मंत्री वेई चंग यांनी छू यांचे नाव सुचवले. अस्सल कोणते आणि नकली कोणते, हे छू अचूक सांगत.

इ. स. ६४१ मध्ये लुंगमन येथील बुद्धलेण्यांत एका राजपुत्राने आपल्या दिवंगत आईच्या स्मरणार्थ काम करून घेतले. त्याचा शिलालेख छू यांच्याच हातचा. त्यातली अक्षरे चौकोनी, ठाम, पाय रोवून उभी राहिल्यासारखी आहेत.

दरबारात त्यांच्याकडे आणखी एक अवघड काम होते. सम्राट रोज काय बोलतात, काय करतात याची नोंद ठेवायची. एकदा सम्राटांनी ती वही पाहायला मागितली. छू यांनी नकार दिला. चांगले-वाईट दोन्ही लिहून ठेवायचे म्हणजे राजा वाईट वागायला कचरतो. राजानेच ती वाचली तर नोंदीला अर्थ काय, असे त्यांचे म्हणणे. माझे वाईट वागणेही लिहितोस काय, असे सम्राटांनी विचारले. ते लिहिणे माझे कामच आहे, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. सम्राटांनीही ते ऐकून घेतले, हा त्यांचा मोठेपणा. इ. स. ६४९ मध्ये मरणशय्येवर असताना त्यांनी आपला मुलगा काओ-त्सुंग याला ज्या दोघांच्या हाती सोपवले, त्यांतले एक छू होते.

पण माणूस म्हटला की चूक आलीच. इ. स. ६५० मध्ये छू यांनी सरकारी दुभाष्याची जमीन अधिकाराच्या जोरावर कमी भावात घेतली, असा आरोप त्यांच्यावर झाला. त्यांना राजधानीबाहेर धाडण्यात आले. दुसऱ्याच्या चुका निर्भयपणे लिहिणाऱ्या माणसाच्या नावावरही ही नोंद आहे, आणि ती झाकून ठेवणे बरोबर नाही. दोन वर्षांनी ते परत आले.

त्यानंतर आले त्यांच्या हातचे सर्वात मोठे काम. भदंतांनी आणलेले ग्रंथ सुरक्षित राहावेत म्हणून राजधानी चांगआन, म्हणजे आजचे शिआन, येथील विहारात इ. स. ६५२ मध्ये पॅगोडा बांधला गेला. मोठा रानहंस पॅगोडा म्हणून तो आजही प्रसिद्ध आहे. भदंतांच्या अनुवादांसाठी ताई-त्सुंग यांनी प्रस्तावना लिहिली होती, आणि युवराज असताना काओ-त्सुंग यांनीही एक लेख लिहिला होता. भदंतांचा सतरा वर्षांचा प्रवास आणि ६५७ ग्रंथ यांची हकिकत प्रस्तावनेत आहे. हे दोन्ही लेख इ. स. ६५३ मध्ये ५७ वर्षांच्या छू यांनी लिहिले आणि वान वन-शाओ या कारागिराने ते दोन शिळांवर कोरले. कोरणाऱ्याचे नावही शिळेवर आहे, हे विशेष.

या शिळा पॅगोडाच्या दक्षिण दाराच्या दोन्ही बाजूंना उभ्या आहेत. एकीच्या उभ्या ओळी उजवीकडून डावीकडे वाचायच्या, तर दुसरीच्या डावीकडून उजवीकडे. अक्षरे लुंगमनपेक्षा अगदी वेगळी. रेघा बारीक, वळणदार, हलक्या दिसतात. पण आत तार भरल्यासारखा ताठपणा आहे. पुढच्या पिढ्यांनी दगडावर ओला कागद बसवून शाईचे ठसे घेतले, आणि त्यांवरून असंख्य मुलांनी कित्ता गिरवला. आजही गिरवतात.

इ. स. ६५५ मध्ये काओ-त्सुंग यांनी पट्टराणीला दूर करून वू हिला पट्टराणी करायचे ठरवले. एक बडा सरदार आजाराचे निमित्त करून घरीच बसला. छू मात्र गेले आणि विरोध केला. वू पूर्वी सम्राटाच्या वडिलांच्या अंतःपुरात होती, हा त्यांचा एक मुद्दा. पट्टराणी थोर कुळातली हवी, हा दुसरा. कुळाचा मुद्दा आपल्याला पटणार नाही, पटूही नये. पण ज्याच्या हाती आपला जीव त्याच्या तोंडावर नाही म्हणायला जी हिंमत लागते, ती त्यांच्याकडे होती. आपली दरबारी पट्टिका पायऱ्यांवर ठेवून, कपाळ रक्तबंबाळ होईपर्यंत त्यांनी डोके टेकले आणि मला गावी जाऊ द्या म्हणाले. त्यांना ओढून बाहेर काढण्यात आले.

मग हद्दपारी. आधी दक्षिणेला, मग आणखी दक्षिणेला, शेवटी आजच्या उत्तर व्हिएतनाममधील थान्ह होआ भागात. तिथून त्यांनी आपल्या जुन्या सेवेची आठवण देणारा विनंतीअर्ज पाठवला. उपयोग झाला नाही. इ. स. ६५८ मध्ये ते परमुलखात वारले. मृत्यूनंतर त्यांच्या पदव्या काढून घेतल्या आणि दोन मुलांनाही जीव गमवावा लागला. इ. स. ७०५ मध्ये पदव्या परत मिळाल्या, तेव्हा ४७ वर्षे उलटली होती.

पुढे ह्याच वू राणीने लुंगमनच्या भव्य बुद्धमूर्तीसाठी आपल्या खर्चातून मोठे दान दिले. इतिहास असा गुंतागुंतीचा असतो. एकाच लेणीसमूहात दोघांच्याही खुणा आज आहेत.

छू यांचे पद गेले, घर उद्ध्वस्त झाले. पण पॅगोडाच्या दारात त्या दोन शिळा आजही उभ्या आहेत. भदंतांचे नाव त्या अक्षरांत टिकले आणि लिहिणाऱ्याचेही. आपल्या विहारात वही घेऊन बसणाऱ्या मुला-मुलींना ही गोष्ट जरूर सांगा. अक्षर सुंदर काढा, आणि लिहाल ते खरे लिहा, एवढे जरी त्यांनी यातून घेतले तरी पुष्कळ झाले.

या थोर सुलेखनकाराच्या स्मृतीस विनम्र अभिवादन!