पक्षिमित्र सालिम अली

उडत्या पक्ष्याचे छायाचित्र घेणे किती कठीण आहे, हे ज्याने एकदा तरी यत्न केला आहे त्यासच ठाऊक. कॅमेरा डोळ्याशी नेईपर्यंत पक्षी दृष्टीआड होतो. एक पाऊल पुढे टाकावे, तर अवघा थवा उडून जातो. सेकंदाच्या हजाराव्या हिश्श्यात चित्र टिपणारे कॅमेरे आज निघाले आहेत. परंतु पक्षी कोठे बसेल, केव्हा उडेल व कोणीकडे वळेल, याचा अंदाज त्याच्या सवयी जाणणाऱ्यासच बांधता येतो. भारतातील पक्ष्यांच्या सवयी जाणून घेण्यासाठी ज्यांनी उभे आयुष्य वेचले, ते थोर शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. सालिम अली.

त्यांचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी मुंबई येथे झाला. नऊ भावंडांत ते सर्वांत धाकटे. आईबापांचे छत्र बालपणीच हरपल्यामुळे मामा अमिरुद्दीन तय्यबजी यांनी त्यांचा सांभाळ केला. मुलाला छऱ्याच्या बंदुकीचा मोठा नाद. एके दिवशी त्याने एक चिमणी मारली. पाहतो तो तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका! ही कोणती चिमणी, हे मामांनाही सांगता येईना. त्यांनी त्याला बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीचे सचिव मिलार्ड यांच्याकडे धाडले. मिलार्डसाहेबांनी चिमणीची जात तर सांगितलीच, शिवाय संस्थेतील पक्ष्यांचा संग्रहही त्या मुलास प्रेमाने दाखविला. त्या दिवशी बालमनात जिज्ञासेचे बीज पडले.

पुढील वाट मात्र सोपी नव्हती. ब्रह्मदेशात केलेल्या व्यवसायात यश आले नाही. विद्यापीठाची पदवीही पदरी पडली नाही. १९२६ साली मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात नोकरी मिळाली. पण शास्त्रशुद्ध शिक्षणाच्या ओढीने ते जर्मनीस गेले आणि बर्लिन येथे स्ट्रेझमान या नामांकित शास्त्रज्ञाच्या हाताखाली शिकले. १९३० साली परत येऊन पाहतात तो पैशाअभावी ती जागाच रद्द झालेली!

दुसरा एखादा खचून गेला असता. सालिम अली पत्नी तेहमिना यांच्यासह अलिबागजवळच्या किहीम गावी जाऊन राहिले. तेथे झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. चाकूरसारख्या आपल्या गावांतही विहिरीवर ओणवलेल्या बाभळीला असे खोपे लोंबताना दिसतात. ते पाहून आपण पुढे जातो. सालिम अली मात्र तेथेच थांबले. दिवसामागून दिवस त्यांनी टिपणे केली. त्यांना दिसले, की खोपा विणतो तो नर. खोपा अर्धामुर्धा झाला की मादी येऊन त्याची पारख करते. तिला तो पसंत पडला, तरच नर तो पुरा करतो आणि मग दुसऱ्या मादीसाठी नवा खोपा विणावयास घेतो. रोज डोळ्यांपुढे घडणारी ही गोष्ट चिकाटीने पाहणाऱ्यासच उमगली.

१९३१-३२ साली त्यांनी हैदराबाद संस्थानातील पक्ष्यांची पाहणी केली. आपला मराठवाडा तेव्हा त्याच संस्थानात होता. अशा पाहण्यांसाठी ते वेतन मागत नसत. केवळ खर्च मिळाला तरी पुरे, अशी त्यांची वृत्ती होती. त्या काळच्या शास्त्राच्या रीतीप्रमाणे नमुन्यासाठी काही पक्षी मारावे लागत. तथापि जिवंत पक्ष्याच्या जीवनक्रमाकडेच त्यांचे खरे लक्ष असे.

१९३९ साली तेहमिना निवर्तल्या. हा घाव फार मोठा होता. पण अंगीकृत कार्य त्यांनी सोडले नाही. १९४१ साली भारतीय पक्ष्यांवरील त्यांचा प्रसिद्ध ग्रंथ निघाला. १९५९ पासून त्यांच्या मार्गदर्शनाखाली हजारो पक्ष्यांच्या पायांत हलकी कडी अडकवून त्यांना सोडून देण्यात आले. त्यांतील काही दूर रशियात सापडले आणि त्यांच्या प्रवासाचा माग लागला. पुढे डिलन रिप्ली यांच्यासह त्यांनी दहा खंडांचा महाग्रंथ सिद्ध केला. १९७६ साली भारत सरकारने त्यांना पद्मविभूषण हा किताब दिला. २० जून १९८७ रोजी त्यांचे निधन झाले.

मुलांनो, महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळला जातो. त्याचा अखेरचा दिवस म्हणजे सालिम अलींचा जन्मदिवस. कॅमेरा सर्वांनाच लाभेल असे नाही; पण दोन डोळे, एक वही आणि अंगी धीर एवढे असले, तर अंगणातील चिमणीही तुम्हांस पुष्कळ शिकवील. मात्र घरट्याजवळ गलका करू नका. पक्षी आपल्याला भीत नाही, तेव्हाच तो आपले खरे जीवन आपल्यापुढे उघडे करतो.