कलामहर्षी बाबूराव पेंटर

कोल्हापूर येथील मेस्त्री घराण्यात ३ जून १८९० रोजी बाबूरावांचा जन्म झाला. त्यांचे वडील सुतारकाम, लोहारकाम, मूर्तिकाम व चित्रकला यांत निष्णात होते. घर हीच बाबूरावांची कलाशाळा झाली. नात्याने भाऊ लागणाऱ्या आनंदरावांसह ते नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवू लागले. त्यावरून लोक त्यांना ‘पेंटर’ म्हणू लागले.

१९१३ साली दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ प्रदर्शित झाला आणि या दोघांनीही चित्रपटाचा ध्यास घेतला. विलायती कॅमेरा आवाक्याबाहेरचा होता. म्हणून तो स्वतःच घडविण्याचे त्यांनी ठरविले. परंतु काम अपुरे असतानाच, १९१६ साली आनंदराव निवर्तले. बाबूरावांचा जणू उजवा हातच गेला. तरीही हाती घेतलेले काम त्यांनी टाकले नाही. शिष्य दामले यांच्या साह्याने १९१८ मध्ये त्यांनी कॅमेरा सिद्ध केला.

१९२० साली महाराष्ट्र फिल्म कंपनीचा ‘सैरंध्री’ पडद्यावर झळकला. आपल्या चित्रपटांची भित्तिपत्रकेही बाबूराव स्वतः रंगवीत. दामले, फत्तेलाल, शांताराम हे पुढे नावारूपास आलेले कलावंत त्यांच्याच हाताखाली तयार झाले. १६ जानेवारी १९५४ रोजी बाबूराव कालवश झाले. वडिलांच्या हातून मिळालेली विद्या त्यांनी शिष्यांच्या हाती सोपविली होती.