वेगाच्या उपासकाने शोधलेला धुरावरचा उतारा

सांगली जिल्ह्यातील कवठे महांकाळ, तासगाव, खानापूर, आटपाडी हा दुष्काळी पट्टा. पोटापाण्यासाठी येथील माणसे गाव सोडून देशभरातील सराफ पेठांत गेली आणि सोन्याचांदीच्या गलाईच्या व्यवसायात त्यांनी नाव कमावले. मातीमोल दिसणाऱ्या कचऱ्यातही मौल्यवान धातू दडलेला असू शकतो, हे या भागात निराळे सांगावे लागत नाही. कवठे महांकाळवरून जाणाऱ्या रत्नागिरी-नागपूर महामार्गावर धावणाऱ्या नव्या पेट्रोल मोटारींच्या पोटाखालीही असाच ऐवज असतो. इंजिनातून निघालेला धूर सायलेन्सरकडे जाताना एका डबीतून जातो. तिच्यातील जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंचा अतिशय पातळ लेप असतो. तो दागिन्यासाठी नव्हे, धुरातील विष मारण्यासाठी.

कॅटॅलिटिक कन्व्हर्टर या नावाने ओळखली जाणारी ही डबी शर्यतीच्या शौकिनांना मात्र डोळ्यांसमोर नको असते. टर्बोचार्जर असलेल्या गाडीची ताकद वाढवायची झाली, की अनेकजण आधी तीच कापून काढतात. आणि गंमत अशी, की या डबीचा आद्य निर्माता स्वतः मोटारींच्या शर्यतींचा वेडा होता. त्या फ्रेंच अभियंत्याचे नाव यूजीन हुड्री.

हुड्री यांचा जन्म १८ एप्रिल १८९२ रोजी पॅरिसजवळच्या दोमाँ या गावी झाला. वडिलांचा पोलादी बांधकामाचा कारखाना होता. यूजीन यांनी यंत्र अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले आणि १९११ मध्ये वर्गात सर्वप्रथम येऊन सुवर्णपदकासह ते उत्तीर्ण झाले. पुढे ते घरच्या कारखान्यात रुजू झाले, पण थोड्याच काळात पहिले महायुद्ध पेटले. फ्रान्सने १९१७ मध्ये प्रथमच रणगाडे रणांगणात उतरविले, तेव्हा हुड्री त्या दलात होते. शत्रूच्या भडिमारात बंद पडलेल्या रणगाड्यांची दुरुस्ती घडवून आणताना ते गंभीर जखमी झाले. या कामगिरीबद्दल त्यांना फ्रान्सचे युद्धपदक मिळाले.

युद्ध संपले आणि मोटारींच्या शर्यतींनी त्यांना झपाटले. १९२२ मध्ये ते अमेरिकेत गेले. तेथे त्यांनी फोर्डचा कारखाना पाहिला, तसेच इंडियानापोलिसची प्रसिद्ध शर्यतही पाहिली. इंजिन कितीही उत्तम घडविले, तरी इंधन हलक्या प्रतीचे असेल तर ते ठोके देऊ लागते आणि ताकद वाया जाते, ही शर्यतपटूंची तेव्हाची मोठी अडचण होती. हुड्री यांनी इंजिनाऐवजी इंधनाकडे मोर्चा वळविला.

फ्रान्सकडे खनिज तेल फारसे नव्हते. म्हणून त्यांनी प्रथम लिग्नाइट या तपकिरी कोळशापासून पेट्रोल बनविण्याचा उद्योग आरंभिला. सरकारच्या मदतीने १९२९ मध्ये कारखानाही उभा राहिला, पण खर्चाचा मेळ बसेना आणि सरकारने हात आखडता घेतला. हुड्री यांनी मग जड खनिज तेलावर लक्ष केंद्रित केले. असंख्य प्रयोगांनंतर त्यांना एका विशिष्ट मातीचा उत्प्रेरक म्हणून उपयोग होतो, असे आढळले. उत्प्रेरक स्वतः खर्ची न पडता रासायनिक क्रिया घडवून आणतो. परंतु त्यावर लवकरच काजळीचे पुट चढे आणि तो निकामी होई. ही काजळी ठराविक वेळाने हवेच्या झोतात जाळून टाकायची, म्हणजे उत्प्रेरक पुन्हा ताजातवाना होतो, ही हुड्री यांची खरी युक्ती.

मायदेशात पाठबळ मिळेना, तेव्हा ते १९३० मध्ये अमेरिकेत गेले. तेथेही मंदीचे दिवस होते, पण काही तेल कंपन्यांनी धोका पत्करला. १९३६ मध्ये न्यू जर्सीतील पॉल्सबरो येथे आणि १९३७ मध्ये पेन्सिल्व्हेनियातील मार्कस हूक येथे त्यांच्या पद्धतीचे प्रकल्प सुरू झाले. जुन्या पद्धतीच्या जवळजवळ दुप्पट आणि अधिक चांगल्या प्रतीचे पेट्रोल त्यातून मिळू लागले. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांच्या विमानांना लागणाऱ्या उच्च प्रतीच्या इंधनासाठी हे तंत्र मोलाचे ठरले. फ्रान्स नाझींपुढे नमल्यावर हुड्री यांनी अमेरिकेतून जनरल द गॉल यांच्या बाजूने काम केले. परिणामी व्हिशी सरकारने १९४१ मध्ये त्यांचे नागरिकत्व काढून घेतले. पुढच्याच वर्षी ते अमेरिकेचे नागरिक झाले.

एवढ्या यशावर कोणीही समाधानाने निवृत्त झाला असता. हुड्री यांना मात्र वेगळीच चिंता लागली. लॉस एंजेलिससारखी शहरे धुरक्याने गुदमरत होती आणि त्यात मोटारींच्या धुराचा मोठा वाटा असल्याचे १९५० च्या दशकात स्पष्ट होऊ लागले. ज्या पेट्रोलसाठी त्यांनी आयुष्य वेचले, त्याचाच हा धूर होता. फुप्फुसांच्या कर्करोगाशीही त्याचा संबंध असावा, अशी शंका त्यांना होती. त्यांनी ऑक्सी-कॅटॅलिस्ट ही कंपनी काढली. तेल मोडून पेट्रोल बनविणारा उत्प्रेरक त्यांना ठाऊक होताच, आता जळालेल्या पेट्रोलचे अवशेष निर्धोक करणारा उत्प्रेरक हवा होता. चिनी मातीच्या कांड्यांवर प्लॅटिनमचा लेप देऊन त्यांनी तो साधला. विषारी कार्बन मोनॉक्साइड आणि अर्धवट जळलेले इंधन यांचे त्यावर कार्बन डायऑक्साइड व पाण्याच्या वाफेत रूपांतर होई. १९५६ मध्ये त्यांना त्याचे पेटंट मिळाले.

पण नियतीने येथे त्यांची थट्टा केली. इंजिनाचे ठोके थांबविण्यासाठी त्या काळी पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळीत. हे शिसे प्लॅटिनमवर बसले, की उत्प्रेरक मरतो. गोदामांतील काही वाहनांसारख्या बिनशिशाच्या इंधनावर चालणाऱ्या यंत्रांपुरताच त्यांचा शोध मर्यादित राहिला. १८ जुलै १९६२ रोजी हुड्री यांचे निधन झाले. त्यानंतर १९७० मध्ये अमेरिकेत हवेच्या शुद्धतेचा कठोर कायदा झाला, बिनशिशाचे पेट्रोल आले आणि १९७५ च्या मोटारींना ही डबी बसू लागली. नंतरच्या संशोधकांनी तिला नायट्रोजनच्या ऑक्साइडांचाही बंदोबस्त करायला शिकविले. भारतात एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांतील नव्या पेट्रोल मोटारींना ती सक्तीची झाली, तर १ फेब्रुवारी २००० पासून देशभर शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले.

शर्यतपटूंचा तिच्यावरील राग अगदीच अनाठायी नाही. टर्बोचार्जरचे चाक धुराच्या झोतावर फिरते. त्यापुढची वाट जितकी मोकळी, तितके ते लवकर वेग घेते. बारीक जाळीची डबी काढली, की अडथळा कमी होतो आणि ताकद थोडी वाढते. पण त्याच क्षणी इंजिनातले विष गाळणीविना बाहेर पडू लागते. बंदिस्त धावपट्टीवर मोजक्या गाड्या काही तास धावतात, तेथे हा हिशेब कदाचित चालून जाईल. तीच गाडी डबीविना शहराच्या रस्त्यावर आली, की काही अश्वशक्तींची किंमत शाळेच्या फाटकाशी उभी असलेली मुले आणि दिवसभर चौकात उभा असलेला वाहतूक पोलीस मोजतात.

इंजिनातून अधिक ताकद कशी मिळवावी, हे हुड्री यांच्याइतके थोड्यांनाच कळत होते. त्याच माणसाला उतारवयात त्या ताकदीमागचा धूर दिसला आणि त्याने त्यावर उतारा शोधला. तो मोटारींना बसलेला पाहण्याचे भाग्य त्यांना लाभले नाही. ज्यांना लाभले आहे, त्यांनी तो कापून भंगारात टाकण्यापूर्वी एवढे आठवावे.