सम्राट अशोकाचे धम्मांतर खरे होते काय?



कर्जतच्या स्थानकावर गाडीची वाट पाहताना, नेरळहून कळंबला येताना, किंवा खोपोलीकडे कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत तुम्हांला एक प्रश्न कोणीतरी विचारलाच असेल. तुम्ही बौद्ध झालात म्हणता, पण हे मनापासून की नुसते नावापुरते? विचारणारा उत्तरासाठी थांबत नाही. तो प्रश्न मात्र तुमच्या पाठोपाठ घरी येतो. घरी पाहावे तर भिंतीवर तथागतांची आणि परमपूज्य बाबासाहेबांची तसबीर आहे, आणि नातवाला ताप आला म्हणून आजी मीठ-मोहऱ्यांनी त्याची दृष्ट काढीत बसली आहे. मग आपल्यालाच शंका येते, की आपले धर्मांतर खरे आहे काय?

हीच शंका ज्याच्याविषयी आजवर पुष्कळांनी घेतली, त्या पुरुषाचे चरित्र आज तुमच्यापुढे ठेवीत आहे. तो पुरुष म्हणजे देवानांप्रिय प्रियदर्शी सम्राट अशोक.

चंद्रगुप्त मौर्याचा हा नातू, बिंदुसाराचा पुत्र. इ.स.पूर्व २६८ च्या सुमारास त्याचा राज्याभिषेक झाला. त्याच्या पूर्वायुष्याविषयी ज्या कथा सांगतात त्या अंगावर काटा आणणाऱ्या आहेत. त्याने नव्याण्णव भाऊ मारले, छळासाठी एक नरकच बांधला, म्हणून लोक त्याला चंडाशोक म्हणत. या कथा अशोकावदान आणि सिंहलद्वीपाचा महावंस यांतून आलेल्या आहेत आणि त्या अशोकानंतर कित्येक शतकांनी लिहिल्या गेल्या. अगोदरचा अशोक जितका काळा रंगवावा तितका नंतरचा उजळ दिसतो, हे लिहिणाऱ्या भिक्षूंना चांगले ठाऊक होते. स्वतः अशोकाच्या पाचव्या शिलालेखात मात्र त्याच्या भावांच्या आणि बहिणींच्या घरांचा उल्लेख आहे, आणि तेथे धम्ममहामात्र नेमल्याचे तो सांगतो. तेव्हा नव्याण्णव भावांची गोष्ट मुलांना खरी म्हणून सांगू नका.

राज्याभिषेकाला आठ वर्षे झाल्यावर, इ.स.पूर्व २६१ च्या सुमारास, त्याने कलिंग जिंकले. तेथून १,५०,००० माणसे पकडून नेली गेली, १,००,००० रणात मारली गेली आणि त्याहून कितीतरी पटींनी अधिक नंतर मेली. हे आकडे आपल्याला कोणी सांगितले? कलिंगाच्या कोणा कवीने नव्हे, शत्रूच्या इतिहासकारानेही नव्हे. ते स्वतः अशोकाने आपल्या तेराव्या शिलालेखात कोरून ठेवले. त्याने ते कोरले नसते तर त्या युद्धात किती माणसे मेली, हे आज कोणालाही कळले नसते. विजयी राजे आपली कीर्ती दगडावर लिहितात. आपण केलेली हत्या मोजून, तिचे दुःख होते असे लिहिणारा दुसरा राजा मला तरी माहीत नाही.

यहुदी आणि ख्रिस्ती लोकांच्या पवित्र ग्रंथात मनश्शे नावाच्या एका दुष्ट राजाची कथा आहे. तो बंदिवासात पडला, तेथे त्याला पश्चात्ताप झाला आणि तो देवाकडे वळला, असे एका पुस्तकात आहे. पण त्याच राजाची हकिकत त्याच ग्रंथातल्या दुसऱ्या एका पुस्तकात येते आणि तेथे या पश्चात्तापाचा शब्दही नाही. त्यामुळे त्याचे वळणे खरे की खोटे यावर वाद चालतो, कारण दुसऱ्यांनी लिहिलेलेच तेवढे हाती आहे. अशोकाचे तसे नाही, त्याची साक्ष त्याच्याच शब्दांत दगडावर आहे. ती लिपी पुढे लोक विसरले. १८३७ साली जेम्स प्रिन्सेप या इंग्रज अधिकाऱ्याने ती उलगडली आणि ती साक्ष पुन्हा बोलू लागली.

आता ती साक्ष नीट ऐका. आपण समजतो की कलिंगाचे रणांगण पाहिले, तलवार टाकली आणि अशोक त्याच क्षणी बौद्ध झाला. चित्रांत आणि नाटकांत असेच दाखवतात. अशोक स्वतः असे सांगत नाही. आपल्या लघुशिलालेखात तो म्हणतो, की मी उपासक होऊन अडीच वर्षांहून अधिक काळ झाला, पण पहिले एक वर्ष माझ्या हातून फारसा प्रयत्न झाला नाही. नंतर मी संघाजवळ गेलो, आणि तेव्हापासून वर्षाहून अधिक काळ नेटाने झटत आहे. वाचकहो, येथे क्षणभर थांबा. ज्याला केवळ राजकारणासाठी धर्माचे सोंग आणायचे असेल तो आपल्या आळसाची कबुली राज्यभर खडकांवर कोरील काय? या लेखाची एक प्रत रायचूर जिल्ह्यात मस्कीला १९१५ साली सापडली. देवानांप्रिय राजा म्हणजे अशोकच, हे तिच्यातल्या नावामुळे पक्के झाले.

त्याच्या स्वयंपाकघराचेही तसेच. पूर्वी राजवाड्याच्या मुदपाकखान्यात कालवणासाठी रोज हजारो प्राणी मारले जात. पहिला शिलालेख लिहिला तेव्हा ती संख्या तिनांवर आली होती, दोन मोर आणि एक हरीण, आणि हरीणही रोज नाही. पुढे हे तीनही मारले जाणार नाहीत, असे तो म्हणतो. आजच सर्व बंद केले अशी बढाई त्याला सहज मारता आली असती, राजवाड्यात जाऊन भांडी कोण तपासणार होते?

परंतु त्याच्या बाजूचेच सांगितले तर मी तुमची फसवणूक केली असे होईल. अशोकाने पश्चात्ताप केला, पण कलिंग परत दिले नाही. ज्या तेराव्या लेखात तो पश्चात्ताप आहे तो कलिंगात धौली आणि जौगड येथे कोरलाच नाही. तेथे त्याऐवजी अधिकाऱ्यांसाठी वेगळे आदेश आहेत. सर्व माणसे माझी मुले आहेत, कोणालाही विनाकारण कैद किंवा छळ होऊ देऊ नका, असा त्यांचा भाव आहे. ज्यांची माणसे मारली त्यांच्यासमोर मात्र त्याने ते आकडे वाचले नाहीत. संकोच म्हणा, की राज्यकर्त्याचा सावधपणा म्हणा. देहान्त शासनही त्याने रद्द केले नाही. सव्विसाव्या वर्षाच्या स्तंभलेखात शिक्षा झालेल्याला तीन दिवसांची मुदत दिली, एवढेच.

आणि एक गोष्ट माझ्या मनाला फार लागते. त्याच तेराव्या लेखात तो अटवीतल्या, म्हणजे रानातल्या लोकांना समजावतो, आणि पश्चात्ताप झाला असला तरी माझ्या अंगी बळ आहे हे विसरू नका, असेही बजावतो. आपल्या कर्जत-खालापूर तालुक्यांत ठाकर आणि कातकरी बांधव राहतात. रानातल्या माणसाला दम देणारे ते वाक्य आपण त्यांच्या बाजूने वाचले पाहिजे. सम्राट आपला असला तरीही.

मग त्याचे धम्मांतर खरे की खोटे? माझे मत असे, की ते खरे होते, आणि अपुरे होते. एका दिवसाच्या भावनेवर हा निर्णय करू नका, पुढच्या वर्षांचा हिशेब पाहा. दहाव्या वर्षी शिकारीच्या सहली सोडून तो संबोधीला, म्हणजे बुद्धगयेला गेला. बाराव्या वर्षी त्याने बराबरच्या लेण्या आजीवकांना दिल्या, ते बौद्ध नसतानाही. विसाव्या वर्षी लुंबिनीला जाऊन वंदन केले आणि त्या गावाचा कर कमी केला. सव्विसाव्या-सत्ताविसाव्या वर्षीही तो स्तंभांवर तेच सांगत होता. सोंग इतकी वर्षे टिकत नाही, आणि कलिंगानंतर त्याने दुसरा देश जिंकल्याचा पुरावा नाही.

ही कथा दूरच्या पाटलिपुत्राची आहे असे समजू नका. महावंसात नोंद आहे, की मोग्गलिपुत्त तिस्स स्थविरांनी धम्मप्रसारासाठी भिक्षू पाठविले, त्यांत महाराष्ट्रासाठी महाधम्मरक्खित होते आणि अपरान्तासाठी योनक धम्मरक्खित. अपरान्त म्हणजे आपले कोकण, आणि योनक म्हणजे यवन, ग्रीक. कर्जतजवळच्या कोंडाणे लेण्यांत कण्हाचा शिष्य बलक याने आपले नाव ब्राह्मीत कोरले आहे. ते अशोकानंतरचे असले तरी त्या पेरणीचेच पीक होय.

अपरान्ताचे मोठे बंदर होते शूर्पारक, म्हणजे वसई तालुक्यातले आजचे सोपारा. तेथे १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. आठवा लेख म्हणजे तोच, ज्यात तो शिकार सोडून संबोधीला गेल्याचे सांगतो. पुढे जवळच्या भुईगाव येथे नवव्या लेखाचा तुकडा सापडला. साल होते १९५६. त्याच वर्षी अशोक विजयादशमीला, १४ ऑक्टोबर रोजी, बाबासाहेबांनी नागपुरात दीक्षा घेतली आणि दिली. हा निव्वळ योगायोग आहे, त्यात चमत्कार शोधू नये.

पण त्या नवव्या लेखाचा विषय पाहा. लोक आजारपणात, मुलामुलींच्या लग्नात, मूल झाल्यावर, प्रवासाला निघताना नाना मंगलविधी करतात, आणि बायका तर पुष्कळच क्षुल्लक आणि निरर्थक विधी करतात, असे अशोक म्हणतो. (बायकांवर ठपका ठेवणे त्यालाही चुकले नाही. भगताकडे कोंबडे घेऊन जाणारे पुरुष त्याने पाहिले नसतील काय?) त्या विधींवर तो बंदी घालीत नाही. करायचे तर करा, पण त्यांचे फळ थोडे, असे सांगतो. ज्याचे फळ मोठे ते धम्ममंगल. दास आणि नोकर यांच्याशी नीट वागणे, वडीलधाऱ्यांचा मान राखणे, प्राण्यांविषयी संयम, श्रमण-ब्राह्मणांना दान, हे ते मंगल. आणि हे कोणी सांगावे? बापाने, मुलाने, भावाने, धन्याने, मित्राने, शेजाऱ्यानेसुद्धा. सम्राटाने हे काम पुरोहिताकडे दिले नाही, घरातल्या माणसांकडे दिले.

आपण बावीस प्रतिज्ञा घेतल्या आहेत आणि त्या अशोकाच्या या सवलतीपेक्षा कडक आहेत. तेव्हा दृष्ट काढणाऱ्या आजीवर ओरडू नका, तिच्याजवळ बसा, नातवाला आधी डॉक्टरकडे न्या, आणि रात्री तिला अशोकाच्या पहिल्या वर्षाची गोष्ट सांगा.

सोपाऱ्याचा शिलालेख मुंबईला छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर जाल तेव्हा एक दिवस जास्त काढून मुलांना तेथे न्या. दगड फुटका आहे, सगळा मजकूर उरलेला नाही, पण अक्षरे अजून दिसतात.