शंकर, पण कोणता?

आमच्या मराठवाड्यात शंकर नावाला तोटा नाही. गावागणिक महादेवाचे देऊळ आहे आणि गल्लीगणिक एखादा शंकर आहे. नांदेडात नुसते शंकरराव म्हटले तरी डोळ्यांसमोर येतात ते शंकरराव चव्हाण. ते दोनदा राज्याचे मुख्यमंत्री झाले, विष्णुपुरीच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला त्यांचेच नाव आहे. लातूरकडच्या खेड्यांत गेलात तर एकाच शिवारात चार शंकर भेटतात. गाव मात्र त्यांची गल्लत होऊ देत नाही. एक मळ्यातला शंकर, एक गिरणीवाला शंकर, एक वरच्या गल्लीचा आणि चौथा पुण्याहून परत आलेला. खरी पंचाईत होते ती कागदावर. बापाचे नाव, आडनाव, गट क्रमांक, जन्मतारीख यांतले काही सुटले की मळ्यातल्या शंकरची जमीन गिरणीवाल्याच्या नावे दिसू लागते आणि मग तलाठ्याकडे खेटे सुरू होतात.

आज मला ज्या शंकरची गोष्ट सांगायची आहे तो आपल्या भागातला नव्हे. पण एका नावामागे नेमके कोणाचे कर्तृत्व उभे आहे हा प्रश्न त्याच्या आयुष्याइतका स्पष्टपणे मला दुसरीकडे कुठे दिसला नाही. त्याचे नाव शंकर आबाजी भिसे. अमेरिकेतल्या वृत्तपत्रांनी त्यांना भारताचा एडिसन म्हटले. त्यांच्या नावावर सुमारे २०० शोध आणि ४० पेटंटे सांगितली जातात. तरीही नांदेड-लातूरच्या दहा सुशिक्षित घरांत विचारले तर नऊ घरांत हे नाव कोणी ऐकलेले नसते. दहाव्या घरात उत्तर मिळते ते असे, की हो, विमान उडवणारे तेच ना? ते विमानवाले शंकर निराळे. त्यांच्याकडे पुढे येऊ.

भिसे यांचा जन्म २९ एप्रिल १८६७ चा, मुंबईचा. त्या वेळी आपला भाग निजामाच्या राज्यात होता. मुंबईत मात्र कापडाच्या गिरण्या, आगगाडी आणि तारखाते यांनी नवे जग उभे केले होते. या मुलाला यंत्रांचे वेड लागले. अमेरिकेतले विज्ञानाचे मासिक तो मिळेल तिथून मिळवून वाचायचा. चौदाव्या वर्षी त्याने दगडी कोळशापासून वायू काढण्याचे उपकरण घरच्या घरी तयार केले. सोळाव्या वर्षी ठरवून टाकले की विलायत नाही तर अमेरिका गाठायची आणि शोध लावणे हाच धंदा करायचा. डॉक्टर, वकील, मामलेदार हे धंदे त्या काळी लोकांना ठाऊक होते. शोध लावून पोट भरता येते हे सांगितले असते तर घरच्यांनी डोक्यावर तेल थापले असते.

पोटासाठी त्यांनी सरकारी कचेरीत नोकरी धरली आणि उरलेल्या वेळात प्रयोग चालवले. मुंबईत एक विज्ञान मंडळ काढले. कोणी छेडछाड केली तर कळून यावी अशी बाटली, विजेवरच्या सायकलीची साधने, पुढचे स्टेशन कोणते हे आगगाडीतल्या उतारूंना दाखवणारा दर्शक, असे एकेक त्यांच्या डोक्यातून निघत होते. एक वस्तू पाहता पाहता दुसरीच होऊन जाते असा दृष्टिभ्रमाचा खेळही त्यांनी बसवला आणि तो थेट मँचेस्टरला नेऊन दाखवला.

नशीब उघडले ते तराजूमुळे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस लंडनच्या एका शोधविषयक नियतकालिकाने स्पर्धा लावली. साखर, पीठ असा सुटा माल आपोआप वजन करून देणारे यंत्र सुचवायचे होते. किराणा दुकानदाराचा सगळा दिवस या कामात जातो हे नांदेडच्या किंवा लातूरच्या बाजारपेठेत उभे राहिलेल्या कोणालाही पटेल. भिसे यांनी आराखडा पाठवला आणि विलायतेतल्या स्पर्धकांना मागे टाकून बक्षीस मिळवले. मुंबईतल्या पुढाऱ्यांच्या नजरेत हा तरुण भरला. काँग्रेसचे दिनशा वाच्छा यांनी लंडनमध्ये राहणाऱ्या दादाभाई नौरोजींना त्यांच्याविषयी पत्र दिले. ते पत्र घेऊन भिसे लंडनला गेले.

दादाभाईंचे मोठेपण इथे दिसते. हिंदुस्थानची संपत्ती विलायतेत कशी वाहून जाते याचा हिशेब ते आयुष्यभर मांडत होते. या देशातला माणूस यंत्र निर्माण करू शकतो हे जगाला दिसावे, असे त्यांना वाटले नसते तरच नवल. त्यांनी भिसे यांना पैशाचे पाठबळ दिले. उत्तर लंडनमधल्या फिंचली भागात भिसे यांनी घरातच कारखाना थाटला. जाहिरातीसाठी विजेच्या दिव्यांची पाटी त्यांनी तयार केली आणि १९०१ मध्ये ती क्रिस्टल पॅलेसच्या प्रदर्शनात झळकली. स्वयंपाकघरातली उपकरणे, आपोआप पाणी सोडणारा संडास, डोकेदुखीवरचे साधन अशा नाना वस्तूंवर त्यांनी काम केले.

त्यांचा जीव मात्र अडकला होता तो छापखान्यात. आमच्या पिढीने नांदेड-लातूरचे खिळ्यांचे छापखाने पाहिले आहेत. कंपोझिटर लाकडी खणांतून एकेक खिळा उचलून ओळ जुळवायचा. इंग्रजीला अक्षरे थोडी, आपल्या बाळबोध लिपीला काना, मात्रा आणि जोडाक्षरे धरून खिळ्यांचे खणच्या खण लागायचे. हे खिळे शिशाच्या मिश्रधातूतून ओतून काढावे लागतात. ते काम त्या वेळच्या यंत्रांहून कितीतरी वेगाने आणि स्वस्तात करणारे यंत्र भिसे यांनी रचले आणि त्याला आपलेच नाव दिले, भिसोटाइप. यशस्वी झाले असते तर पुस्तक आणि वर्तमानपत्र गरिबाच्याही हाती लवकर पोचले असते.

यंत्र डोक्यात होते, भांडवल नव्हते. इंग्रज समाजवादी पुढारी हिंडमन यांनी मोठी रक्कम उभी करण्याचे आश्वासन दिले, पण १९०७ च्या अखेरीस ते पैसे येणार नाहीत हे स्पष्ट झाले. १९०८ मध्ये भिसे निराश होऊन मायदेशी निघाले. दैव पाहा, बोटीवर गाठ पडली ती गोपाळ कृष्ण गोखल्यांशी. गोखल्यांनी त्यांना जमशेटजींचे चिरंजीव रतन टाटा यांच्याकडे नेले. टाटांच्या भांडवलावर टाटा-भिसे सिंडिकेट उभे राहिले आणि काम पुन्हा सुरू झाले. पण छपाईयंत्रांच्या बाजारात बड्या कंपन्या ठाण मांडून होत्या आणि त्यात पहिले महायुद्ध पेटले. सिंडिकेट गुंडाळले गेले. भिसे अमेरिकेत गेले आणि न्यूयॉर्कला स्थायिक झाले. तिथे खिळे ओतण्याच्या यंत्रात सुधारणा करीत राहिले, आयोडिनपासून तयार केलेल्या अ‍ॅटोमिडीन या औषधाने त्यांना ओळख दिली. अध्यात्माकडेही त्यांचा ओढा होता. १९३० मध्ये, वयाच्या साठीनंतर, त्यांची खुद्द एडिसनशी भेट झाली. ७ एप्रिल १९३५ रोजी न्यूयॉर्कमध्येच त्यांनी देह ठेवला.

आता त्या दुसऱ्या शंकरकडे वळतो. शंकर बापूजी तळपदे हेही मुंबईचे आणि वयानेही भिसे यांच्या बरोबरीचे. १८९५ मध्ये त्यांनी चौपाटीवर माणसाविना चालणारे विमान उडवले अशी कथा आहे. राइट बंधूंचे उड्डाण १९०३ चे, त्यामुळे ही कथा ऐकताना छाती फुगते. २०१५ मध्ये तिच्यावर हिंदी चित्रपटही निघाला. पण त्या उड्डाणाचा भरवशाचा समकालीन कागद पुढे आलेला नाही. तळपद्यांच्या नावाशी जोडल्या जाणाऱ्या वैमानिकशास्त्र या ग्रंथातले आराखडे बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये तपासले, तेव्हा ती विमाने उडण्याजोगी नाहीत असे दिसून आले. तळपदे विद्वान आणि खटपटी गृहस्थ होते, त्यांना हिणवण्याचे कारण नाही. आश्चर्य वाटते ते आपलेच. ज्याच्या मागे कागद नाही त्या शंकरची कथा आपण मुलांना सांगतो, आणि ज्याच्या मागे डझनांनी पेटंटे आहेत तो शंकर आपल्याला परका.

असे का झाले? एक कारण उघड आहे. विमानाच्या गोष्टीत आकाश आहे, खिळ्यांच्या गोष्टीत शिसे. दुसरे कारण मला अधिक शिकवून जाते. भिसे यांचे काम मुंबई, लंडन आणि न्यूयॉर्क या तीन शहरांत विखुरले, आणि प्रत्येक ठिकाणी त्यांचे नाव निराळ्या स्पेलिंगने लिहिले गेले. कुठे भिसे, कुठे भिसेय, औषधाच्या संदर्भात तर सुंकर बिसे. चार माणसांचे एक नाव झाले की घोटाळा होतो हे आपण गावात पाहतो. एका माणसाची चार नावे झाली तरी तोच घोटाळा होतो. त्याचे कर्तृत्व चार वाटांनी फुटते आणि कोणत्याच वाटेवर तो पूर्ण दिसत नाही.

या घोटाळ्यावर पेटंटाच्या कागदाने उतारा ठेवलेला असतो. त्यावर नुसते नाव नसते. अर्जाची तारीख असते, अनुक्रमांक असतो, शोधकाचे गाव असते, यंत्राच्या आकृत्या असतात आणि आपला दावा नेमका कशावर आहे हे कलमवार लिहिलेले असते. ठरावीक वर्षांनी मालकीचा हक्क संपतो, यंत्र जगाचे होते, पण हे कोणी केले याची नोंद राहते. स्पेलिंग बदलले तरी तारीख, गाव आणि आकृती जुळवून माणूस पुन्हा सापडतो. भिसे आज आपल्याला सांगता येतात ते या चिकट कागदांमुळे. पेटंटाने त्यांना श्रीमंत केले नाही. त्यांचे नाव मात्र दुसऱ्याच्या खात्यावर जाऊ दिले नाही.

हा विषय आता फक्त मुंबई-लंडनचा राहिलेला नाही. १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले. नांदेड-लातूरच्या महाविद्यालयांतली मुले-मुली आज संशोधन करतात, निबंध छापतात, पेटंटाचे अर्ज भरतात. भारतीय पेटंट कार्यालयाचे नियतकालिक दर शुक्रवारी निघते. त्यातली नावे चाळून पाहा. एस. बी. पाटील, आर. एस. जाधव, व्ही. डी. शिंदे. यांतला आपल्या गल्लीतला कोणता आणि कोल्हापूरचा कोणता? यावर तोडगा म्हणून २०१२ पासून जगभरच्या संशोधकांना ऑर्किड नावाचा सोळा अंकी क्रमांक घेता येतो. नाव तेच असले, लग्नानंतर बदलले किंवा स्पेलिंग चुकले तरी अंक चुकत नाहीत. आपल्या सरकारनेही १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचे नाव लावण्याचा नियम केला आहे. आईला मान मिळाला हे तर खरेच, त्याशिवाय चार शंकरांतला आपला शंकर ओळखण्याची एक खूणही कागदावर वाढली.

घरात कोणी हुशार मूल असेल तर आपण त्याच्या गुणांची काळजी घेतो. लातूर पॅटर्नने ती काळजी साऱ्या महाराष्ट्राला शिकवली. तिच्यासोबत आणखी एक सवय लावून द्यावी असे मला वाटते. शाळेच्या दाखल्यापासून पहिल्या निबंधापर्यंत आपले नाव पूर्ण आणि एकाच पद्धतीने लिहायचे, केलेल्या कामावर तारीख घालायची, आणि कागद जपून ठेवायचे. भिसे यांच्याइतकी बुद्धी सगळ्यांना मिळत नाही. त्यांच्याइतकी चिकाटीही नाही. पण आपले काम आपल्याच नावावर राहावे एवढी इच्छा मळ्यातल्या शंकरलाही असते आणि गिरणीवाल्यालाही.